खसखस आणि तोफ

इथे आणायला बंदी आहे, म्हणून तिचं नाव खसखस.
शारजात आमच्या घरी एवढीच काय ती खसखस:
साडेतीन किलो, एक कान उभा, एक पडका,
अजमानच्या कुठल्याशा रिकाम्या व्हिलामागे सापडलेली.

कुकरची शिट्टी झाली की ती चपलांच्या रॅकखाली.
पाण्याचा टँकर आला की रॅकखाली.
मी शिंकलो, तरी.
आणि मी दिवसभर पायलिंगवर,
जमिनीत ठोकलेल्या खांबांचा हिशेब ठेवणारा.
संध्याकाळी तो आवाज बुटांना चिकटून येत असावा;
ती बूट हुंगते आणि मागे सरते.

हेमांगीने क्लिकर मागवला.
निळा, प्लास्टिकचा, अंगठ्याएवढा.
कुत्रं बरोबर वागलं की त्याच क्षणी टक्,
टक् झालं की चिकन.
पहिल्याच टक्‌ला खसखस
चिकन टाकून रॅकखाली.

मग क्लिकर मोज्यात घातला.
मग दोन मोज्यांत.
मग खिशात, वरून उशी दाबून.
हेमांगी म्हणाली, पोटात दुखतंय का रे तुझ्या?
शेवटी साइटवरचं बॉलपेन हाताशी आलं,
कंत्राटदाराचं नाव अर्धं पुसलेलं.
त्याची टिक्
मुंगीने चुटकी वाजवावी एवढी.
उभा कान हलला.
चिकन.
पुन्हा टिक्. चिकन.
तिसऱ्या दिवशी ती पेनाकडे अशी बघू लागली
जसा मी पगाराच्या मेसेजकडे बघतो.

कठीण असते ती वेळ साधणं.
अर्धा सेकंद चुकला
की बक्षीस भलत्याच गोष्टीला जातं:
बसली म्हणून द्यायचं, ते उठली म्हणून मिळतं.
बावीस वर्षं मी लाल पेनाने चुकाच टिपल्या.
खोली कमी. काँक्रीट उशिरा. हेल्मेट नाही.
कुणी नीट उभं आहे, हे बघायची
डोळ्यांना सवयच नव्हती.
परवा मीटिंगमध्ये हातून पेन वाजलं,
फोरमन टेकबहादूर मुद्द्याचं बोलत होता तेव्हा.
सगळे माझ्याकडे बघायला लागले.
खिशात त्याला देण्यासारखं काही नव्हतं.
म्हणालो, चल, चहा घेऊ.

रमजानच्या आधी महिनाभर
फोनवर तोफेचं रेकॉर्डिंग. आवाज एकवर,
म्हणजे जिन्यात कुणी चटई झटकल्यासारखा.
टिक्, चिकन. आवाज दोन. टिक्, चिकन.
पाचला ती थरथरली, आम्ही परत दोनवर.

पहिला रोजा.
सूर्य समोरच्या गच्चीवरच्या टाक्यांमागे गेला.
मैदानातली तोफ फोनमधल्या तोफेसारखी नसते,
ती आधी छातीत वाजते, मग कानात.
खसखस फरशीला चिकटली, शेपूट पोटाखाली.
पण रॅककडे गेली नाही.
मान वळवून तिने माझ्याकडे पाहिलं, म्हणे;
हे मला हेमांगीने सांगितलं.
माझे डोळे घट्ट मिटलेले होते.
मीही दचकतो,
इतकी वर्षं खांब ठोकून,
हे घरात कुणाला ठाऊक नव्हतं.
डोळे उघडून टिक् केलं
तोवर ती दाराकडे बघत होती.

झालं. बक्षीस दाराला गेलं.
आता रोज तोफ झाली की ती थरथरत
दाराकडे तोंड करून बसते.
हेमांगी हसते: दारातून चिकन येणार आहे का?

सातव्या रोजाला तोफ, थरथर, दार.
शेजारच्या सुदानी घरातली तस्नीम,
पहिल्या पाण्याने ओठ अजून ओले,
हातात मसुराच्या सुपाचा वाडगा, वर लिंबाची फोड.
तिला कुणी सांगितलं कोण जाणे,
पण बेल न दाबता तिने दारावर
नखाने हळूच केलं,
टिक्.
मी उठेपर्यंत खसखस दारापाशी पोचलेली.